आर्वीच्या भिंतीवरचे भरतीचे वेळापत्रक

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि समुद्र विदर्भातल्या आर्वीपासून एका रात्रीच्या अंतरावर आला. तालुक्यातल्या विरूळजवळ गाडी महामार्गावर चढवायची, आळीपाळीने चालवायची आणि उजाडताना मुंबईच्या वेशीवर पोहोचायचे. पूर्वी पुलगाव किंवा धामणगाव गाठून रात्रीची रेल्वे पकडावी लागे. मग मुंबईत उतरून एसटी शोधा, सामान वाहा, पोरांना सांभाळा. आता दोन कुटुंबांनी मिळून गाडी केली की अलिबाग, मुरूड, मालवण सगळे आवाक्यात येते. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला जाणे, ओहोटीत चालत कुलाबा किल्ला गाठणे हे बेत आता आर्वीतही गप्पांच्या ओघात ठरू लागले आहेत.

ठरतात ते मात्र दोनच गोष्टी बघून: रजा कधी मिळते आणि खोली कधी मिळते. त्या दिवशी समुद्र काय करत असेल, हे तारीख पक्की करताना कुणी विचारत नाही. वास्तविक हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, आणि त्याचे निम्मे उत्तर आर्वीतल्या घराघरात भिंतीवर टांगलेले असते.

ते उत्तर म्हणजे कॅलेंडरातली तिथी. चतुर्थी कधी, एकादशी कधी, हे पाहण्यासाठी विदर्भातल्या घरात रोज कुणी ना कुणी त्या पानासमोर उभे राहतेच. कोकणातले कोळी आणि खारवी त्याच तिथीवरून भरतीची वेळ काढतात. त्यांचा हिशेब तोंडी करता येतो: तिथीला पाऊणने गुणायचे. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब तोच. पूर्ण भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी आणि तेवढ्याच वेळाने पुन्हा भरती.

यामागे चंद्राची चाल आहे. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटे उशिरा डोक्यावर येतो आणि भरतीही तशीच पुढे सरकते. तिथी एकाने वाढली की भरती पाऊण तासाने पुढे जाते, ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या पाण्यावर जगणाऱ्या लोकांनी पंचांगाशी जुळवून ठेवली. हा हिशेब मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्याला लागू पडतो आणि त्यात अर्ध्या-पाऊण तासाची तफावत धरावी लागते. पौर्णिमेला गुणाकार सव्वाअकरा सांगतो, प्रत्यक्षात भरती बाराच्या आसपास येते. बिनचूक वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरतीची कोष्टके छापतो. मुंबईत तर अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राची पातळी मोजली जात आहे. पण सहलीचा महिना आणि आठवडा ठरवायला घरची तिथी पुरेशी आहे.

नुसती वेळ कळून भागत नाही, पाणी किती चढेल तेही कळावे लागते. अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात, त्यांची ओढ एकत्र होते आणि उधाण येते. उधाणाचा खरा जोर त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत दिसतो. अष्टमीच्या सुमारास ती ओढ विभागली जाते. त्या वेळच्या मंद भरतीला भांग म्हणतात. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीतला फरक चार मीटरच्या घरात जातो, भांगाला तो निम्म्यावर येतो. दक्षिणेकडे मालवण आणि गोव्याच्या बाजूला उधाणातही हा फरक दोन मीटरच्या आसपास राहतो. म्हणून मालवणला जो निष्काळजीपणा खपून गेला, तो अलिबागला खपेलच असे नाही.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचेच पाहा. ओहोटीला पाणी हटते, वाळू आणि खडक उघडे पडतात आणि लोक चालत, घोडागाडीत बसून किल्ल्यात जातात. आत गणपतीचे देऊळ आहे, गोड्या पाण्याचा तलाव आहे, तटावरून सगळा किनारा दिसतो. तास-दीड तास कसा जातो कळत नाही. घोळ होतो तो इथेच, कारण पाणी दर तासाला सारखे चढत नाही. भरती-ओहोटीतला फरक ३.६ मीटर धरला तर ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात पाणी जेमतेम ३० सेंटिमीटर वाढते. दुसऱ्या तासात ते ६० सेंटिमीटर वाढते आणि तिसऱ्या व चौथ्या तासात प्रत्येकी ९० सेंटिमीटर. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मा समुद्र परत येतो. तटावरून खाली पाहणाऱ्याला पहिल्या तासात काहीच बदललेले दिसत नाही, मग तो आणखी चार फोटो काढतो. तो पायऱ्या उतरतो तेव्हा मघाशी घोट्याएवढे असलेले पाणी कमरेला लागते, त्याला ओढ असते आणि खालचे शेवाळलेले खडक दिसेनासे झालेले असतात.

तेव्हा कुलाब्याला चालत जायचे तर पूर्ण ओहोटीच्या आधी तासभर किनाऱ्यावरून निघावे आणि ओहोटी पूर्ण झाली की फार रेंगाळू नये. तिथी कोणती निवडावी? अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते आणि सोयीची वाटते, पण ती भांगाची असल्याने पाणी पुरते हटत नाही. द्वितीया ते चतुर्थी हे दिवस बरे. तेव्हा उधाणाचा जोर शिल्लक असतो, पाणी चांगले हटते आणि ओहोटी सकाळी पावणेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान येते. ऊनही कोवळे असते.

जंजिऱ्याचे गणित याच्या उलट आहे.

जंजिरा राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी उभा आहे. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या पर्यटकांना घेऊन जातात. अंतर थोडे आहे, पण तेवढ्यात दोन वेगवेगळ्या शक्ती होडीला धरतात. एक खाडीतले पाणी, दुसरा वारा. पावसाळा संपल्यापासून मेपर्यंत, हवा स्वच्छ असली की कोकणात वाऱ्याची रोजची पाळी ठरलेली असते. रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. सूर्य वर आला, जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा सुरू होतो, दुपारी जोर धरतो आणि संध्याकाळी मावळतो. शिडावर जगणारे मच्छीमार पहाटे मतलईवर बाहेर पडत आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी येत. इंजिन येण्यापूर्वी वल्ही मारण्याचे कष्ट असे वाचत.

आता पौर्णिमेची किंवा अमावास्येची दुपार डोळ्यांसमोर आणावी. बाराच्या सुमारास भरती पूर्ण झाली. त्यानंतर खाडीत भरलेले उधाणाचे सगळे पाणी मुखातून बाहेर पडू लागते आणि तीन-चारच्या सुमारास त्याचा वेग सर्वांत जास्त असतो. नेमका त्याच वेळी खारा वारा समुद्राकडून खाडीत घुसत असतो. पाणी बाहेर, वारा आत. दोघांची टक्कर झाली की लाटा आखूड आणि उभ्या होतात, होडी आपटत चालते. जंजिऱ्याच्या दरवाजाशी होडी लागते तेव्हा ती पायरीला समांतर राहत नाही, वरखाली होते. त्या क्षणी साडी सावरत, कडेवर मूल घेऊन पायरीवर पाय टाकायचा असतो. समुद्र कधी न पाहिलेल्या माणसाची ही पहिलीच परीक्षा उधाणाच्या दुपारी कशासाठी घ्यावी?

अष्टमीला चित्र पालटते. भरती सकाळी सहाला, ओहोटी बाराला आणि दुपारी येणारे पाणी वाऱ्याच्याच दिशेने खाडीत शिरते. शिवाय भांगाचे पाणी मुळातच संथ. सप्तमी ते दशमी या दिवसांत सकाळी लवकर होडी धरली तर वारा हलका असतो आणि परत येतानाही पाण्याशी झगडावे लागत नाही. त्याच होडीतून, त्याच नाखव्याबरोबर केलेला प्रवास फक्त तिथी बदलल्याने सोपा होतो. यासाठी एक रुपयाही जास्त लागत नाही.

आपल्याकडच्या सुट्ट्या मात्र नेमक्या उधाणावर पडतात. होळी पौर्णिमेला आणि धुळवड तिच्या दुसऱ्या दिवशी. लक्ष्मीपूजन अमावास्येला, कोजागिरी पौर्णिमेला, राखी पौर्णिमेला. सणाला जोडून रजा टाकायची हा नोकरदारांचा रिवाज आहे, त्यामुळे किनाऱ्यावर गर्दी आणि पाण्याचा जोर एकाच वेळी शिगेला पोहोचतात. होळीच्या दिवशी सकाळी अलिबागला उतरलेले कुटुंब दुपारी बारा वाजता कुलाबा किल्ल्याकडे बघते तेव्हा समोर पूर्ण भरतीचा समुद्र असतो. मग ते एकतर हिरमुसून परत फिरते किंवा नको ते धाडस करते.

तिथीने पाणी कळते, हवा कळत नाही. तिच्यासाठी हवामान खात्याकडे जावे लागते आणि आर्वीच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. पेरणी कधी करायची, वेचलेला कापूस उघड्यावर ठेवायचा की नाही, हे तो पावसाचा अंदाज बघूनच ठरवतो. ‘मेघदूत’ आणि ‘दामिनी’ ही ॲप कितीतरी जणांच्या फोनमध्ये आहेत. तेच हवामान खाते किनाऱ्यासाठी स्वतंत्र इशारे देते. समुद्रावर ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाचे आणि झोतात ६५ पर्यंत जाणारे वारे अपेक्षित असले की मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, असे जाहीर केले जाते. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की वादळी हवेची धास्ती आहे, हे कोकणातले पोरही जाणते. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजेच ‘इन्कॉइस’, लाटांचा अंदाज देते.

लाटांचा अंदाज वेगळा पाहावा लागतो, कारण त्या वाऱ्याशिवायही येतात. दक्षिण हिंदी महासागरात दूर कुठे वादळ होते आणि त्याच्या लांब, भारी लाटा दोन-चार दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागतात. आभाळ निळे असते, झाडाचे पान हलत नाही आणि तरी लाट माणसाला ओढून नेते. मे २०२४ च्या सुरुवातीला इन्कॉइसने असाच इशारा दिला होता. ६ मे रोजी कन्याकुमारी जिल्ह्यात लेमूर किनाऱ्यावर वैद्यकीय शिक्षण घेणारे पाच तरुण बुडाले. मे महिना म्हणजे आपल्याकडे सुट्टीचा महिना, म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवायची.

दिवाळीचाही भरवसा धरू नये. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात, एक पावसाळ्याच्या आधी आणि एक नंतर. ‘फयान’ने ११ नोव्हेंबर २००९ रोजी कोकणाला झोडपले. २०१९ च्या दिवाळीत ‘क्यार’ किनाऱ्याला न धडकताही कोकणच्या किनाऱ्यावर पाणी घुसले. ‘निसर्ग’ ३ जून २०२० रोजी रायगडवर आदळले आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ने मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात बार्ज पी-३०५ बुडवले. सत्तरहून अधिक माणसे गेली. त्या वादळाचा इशारा काही दिवस आधीच दिला गेला होता. इशारा वेळेवर येणे आणि तो ऐकून निर्णय बदलणे यांत केवढे अंतर असते, हे त्या रात्रीने दाखवले.

याहून जुने उदाहरण ‘रामदास’ बोटीचे. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्येच्या तोंडावर भर पावसाळ्यात ती भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघाली आणि मुंबईपासून थोड्या अंतरावर, काशाच्या खडकाजवळ वादळी समुद्रात कलंडली. सहाशेहून अधिक लोक बुडाले. सणासाठी गावी निघालेली माणसे होती. आजही रायगडमधल्या कितीतरी घरांत ती आठवण जिवंत आहे. आता पावसाळ्यात गेटवे-मांडवा जलवाहतूक बंद राहते, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या साधारण मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत थांबतात, यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून समुद्राला नमस्कार करतात आणि मगच जाळी बाहेर काढतात. पर्यटकांचा आग्रह मात्र बंदी लागायच्या आधीच्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, तेव्हा हंगाम संपायला थोडेच दिवस उरले होते.

आर्वीला पाणी नवे आहे असे मुळीच नाही. तालुक्याची एक हद्द वर्धा नदीच आखते, पलीकडे रुक्मिणीचे माहेर कौंडण्यपूर. धनोडीला निम्न वर्धा धरण आहे, त्याचे दरवाजे उघडायचे झाले की काठावरच्या गावांना आधी इशारा जातो आणि लोक गुरे वर आणतात. पण पाण्याशी सलगी असूनही माणूस फसतो. याच नदीवर, वरच्या अंगाला वरूड तालुक्यातल्या झुंज इथे १४ सप्टेंबर २०२१ रोजी नाव उलटली आणि ११ जणांचा बळी गेला. दशक्रियेसाठी जमलेली नात्यातली माणसे होती. छोट्या नावेत जास्त माणसे, पावसाळी नदी आणि अंगावर जीवरक्षक जाकीट नाही. नदीत निदान पाणी एकाच दिशेला जाते. समुद्रात ते दिवसातून चारदा दिशा बदलते आणि तिथे पाहुणा असलेल्या माणसाला ते कळतही नाही.

म्हणून विदर्भातून कोकणात जाणाऱ्यांना हे शिकवण्याची जबाबदारी फक्त कोकणवर टाकून चालणार नाही. सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटी आहे, उधाण आणि भांग आहे, खारे आणि मतलई वारे आहेत. आर्वीचे मूल ते पाठ करून पेपरात आकृतीसह लिहिते आणि पुढच्या मे महिन्यात त्याच समुद्रात कोणतीही वेळ न पाहता उतरते. धड्यात एकच गोष्ट वाढवावी: घरचे कॅलेंडर वर्गात आणायचे आणि पुढच्या महिनाभराच्या भरतीच्या वेळा वहीत काढायच्या. गणिताचा तास आणि भूगोलाचा तास एकत्र होईल. ज्याने एकदा हे केले, तो किनाऱ्यावर पोहोचल्यावर आधी पाण्याकडे आणि मग घड्याळाकडे बघेल.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पण शाळांनी समुद्राचे नावच काढायचे सोडले, तर हीच मुले दोन-तीन वर्षांनी मित्रांबरोबर, कुणीही मोठे माणूस सोबत नसताना, त्याच किनाऱ्यावर जातील. समृद्धीवरून जायला त्यांना कुणाची परवानगी लागणार नाही. बंदीपेक्षा माहिती द्यावी आणि ती लेखी मागावी. शाळेची असो की खासगी, किनाऱ्याच्या प्रत्येक सहलीच्या अर्जात त्या दिवसाची तिथी, भरती-ओहोटीच्या वेळा आणि हवामानाचा ताजा अंदाज लिहिणे सक्तीचे करावे. तीन ओळींचा मजकूर आहे. तो लिहिताना शिक्षकाला एकदा तरी कॅलेंडरासमोर उभे राहावेच लागेल.

कोकणानेही आपला वाटा उचलायचा आहे. राजपुरी, अलिबाग, मालवण, हर्णै, जिथून म्हणून पर्यटक पाण्यावर जातात, तिथे त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा मोठ्या मराठी अक्षरांत रोज सकाळी लिहिल्या गेल्या पाहिजेत. कुलाबा किल्ल्याच्या वाटेवर तर ‘आज इतक्या वाजेपर्यंत परत या’ एवढी एक ओळ हवी. फळा आणि खडू यांचा खर्च महाराष्ट्र सागरी मंडळाला किंवा ग्रामपंचायतीला जड नाही. आणि जाकीट. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईत ‘नीलकमल’ बोटीच्या अपघातात १५ जण गेल्यावर जाकिटांची तपासणी जोरात झाली. ती मोहीम म्हणून न राहता रोजची सवय व्हायला हवी. जाकीट होडीत ढीग घालून ठेवलेले नको, अंगावर बांधलेले हवे. प्रवाशाने ते मागून घ्यावे आणि नाखव्याने त्याशिवाय नांगर उचलू नये.

येत्या दिवाळीचा बेत आर्वीत बसूनच आखता येतो. लक्ष्मीपूजन अमावास्येला, पाडवा प्रतिपदेला, भाऊबीज द्वितीयेला. भाऊबीज घरी करावी, तृतीयेला रात्री विरूळहून निघावे, चतुर्थीला सकाळी अलिबाग. ओहोटी नऊच्या सुमारास, म्हणजे आठला किल्ल्याकडे चालायला लागावे आणि साडेनऊला परतीची वाट धरावी. रात्रभराच्या प्रवासात उशीर झाला तर किल्ला दुसऱ्या दिवसावर टाकावा. पंचमीला ओहोटी दहाच्या सुमारास येते, तेव्हाही जमते. मग दोन दिवस नागाव-काशीदला काढून सप्तमी किंवा अष्टमीला सकाळी राजपुरीच्या धक्क्यावर पोहोचावे. निघण्याच्या आदल्या दिवशी आणि होडीत बसण्याच्या आदल्या रात्री हवामान खात्याचा किनाऱ्याचा इशारा आणि इन्कॉइसचा लाटांचा अंदाज बघावा. बेतात एक दिवस मोकळा ठेवावा, कारण वारा पडला नाही तर नाखवा होडी काढणार नाही. त्याने नाही म्हटले की त्याच्याशी हुज्जत न घालता मुरूडला आणखी एक मुक्काम करावा. त्या एका खोलीचे भाडे सुरुवातीलाच खर्चात धरून ठेवावे.